कडी पडण्यापुरती जागा

आमच्याकडच्या लग्नात मुलीला बोहल्यापर्यंत मामा आणतो. गुरुजी माइकवरून पुकारतात, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे," आणि मांडवातला गलका थोडा कमी होतो. मंगलाष्टकं संपेपर्यंत मामा मुलीच्या पाठीमागे उभा असतो. काम एवढंच. फोटोत मात्र तो कायमचा राहतो.

आमच्या बहिणीच्या मुलीला दोन मामा. थोरला मी, जालन्यात वर्तमानपत्राच्या डेस्कवर बातम्या तपासणारा. धाकटा माझा भाऊ, बियाण्यांच्या गोदामात माल उतरवून घेणारा. रीतीप्रमाणे मान थोरल्याचा. पण आष्टीला साखरपुडा झाला तेव्हा भाचीने सगळ्या पाहुण्यांसमोर सांगून टाकलं, "मला बारका मामाच आणणार. मोठ्या मामानं अक्षता वाटाव्या."

सगळे हसले. भाऊही हसला. त्याच्या डाव्या पायाकडे कोणीच पाहिलं नाही. इतक्या माणसांनी एकाच वेळी एका गोष्टीकडे पाहायचं टाळलं की ते लगेच दिसून येतं.

भावाला लहानपणी पोलिओ झाला. डावा पाय वाळलेला आहे आणि त्या पायाला तो कॅलिपर घालतो. कॅलिपर म्हणजे पायाच्या दोन बाजूंना दोन पोलादी पट्ट्या, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे, आणि खाली हे सगळं ज्यात बसवलेलं असतं तो जाड तळाचा बूट. गुडघ्यापाशी पट्ट्यांना सांधा असतो आणि बाहेरच्या बाजूला एक कडी. माणूस उभा राहिला की ती कडी आपल्याच वजनाने खाली घसरते, सांध्यावर बसते आणि गुडघा ताठ होतो. बसायचं असलं की कडी चिमटीत धरून वर ओढायची, मग गुडघा वाकतो. कडी पडताना 'टक' असा आवाज येतो. तो आवाज आला की भाऊ पाऊल टाकतो. नाही आला तर टाकत नाही, कारण कडी न पडता वजन दिलं तर पाय खालून निघून जातो.

भाची शाळेसाठी काही वर्षं आमच्याकडे जालन्याला राहायला होती. भाऊ तिला तीनचाकी स्कूटरवरून सोडायचा. शाळेच्या फाटकापाशी गाड्यांच्या गोंगाटात त्याला टक ऐकू यायचं नाही. मग ती दप्तर पाठीवर सावरून त्याच्या गुडघ्यावर तळहात ठेवायची, कडी चाचपायची आणि सांगायची, "पडली मामा. चला." हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

भाऊ पँट घालत नाही. कॅलिपरवरून घालता येतो तो घेरदार पांढरा लेहेंगा, म्हणजे आमच्याकडचा पायजमा. त्याच्या घेरातून कडी चिमटीत धरता येते आणि आत पडायला तिला जागाही राहते. गोदामात, बँकेत, कोणाच्या मयतीला, सगळीकडे तो लेहेंग्यातच जातो. हे इतकं जुनं झालं होतं की ती त्याची आवड आहे असंच लोक समजत.

लग्न जवळ आलं तसे दाजींनी दोन्ही मामांना आहेराचे सूट पाठवले. दोन्ही एकाच दुकानातले, एकाच मापाचे, एकाच गडद निळ्या रंगाचे. मामांमध्ये डावं-उजवं केलं असं कोणी म्हणायला नको, हा त्यामागचा हिशोब. भावाने खोलीचं दार लावून सूट घालून पाहिला. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला तेव्हा वर निळा कोट होता आणि खाली लेहेंगा.

"दादा, तूच आण तिला," तो म्हणाला.

"कोट तर चांगला बसला."

"कोट बसला. पँट गुडघ्याच्या वर जाऊन न्हाई राह्यली. अन् ओढून नेली तं कडी पडन का तिच्यात?"

"मग लेहेंग्यावर जा. ती कुठं सूट घाल म्हणाली?"

तो आरशासमोर गेला. कोटाची बटणं लावली. एकदा वर पाहिलं, एकदा खाली.

"सगळ्याईच्या सुटात हा लेहेंगा? फोटोत पोरीचा मामा कोन अन् वाढपी कोन, लोकाईनं विचारावं लागन."

बहिणीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पोरीला तू सांग. मी न्हाई सांगत." भाचीला कोणीच सांगितलं नाही. असं ठरलं की एकदा शिंप्याकडे जाऊन पाहायचं. तिथे जमलं तर भाऊ, नाही तर मी. मला तयार राहायला सांगण्यात आलं.

जुन्या जालन्यात कापडाच्या ठोक दुकानांच्या गल्लीत एका जिन्याखाली हे मास्तर बसतात. नवे कपडे शिवणं त्यांनी बंद केलं आहे. तयार पँटी कमी करणं, वाढवणं, उसवून पुन्हा बसवणं, एवढंच काम. दुकानात एक मशीन, एक टेबल, एक जड इस्त्री आणि कोपऱ्यात दुरुस्तीला आलेल्या पँटींचा ढीग. मास्तर सडपातळ आहेत, मोठ्याने बोलतात आणि स्वतःच्या कामाबद्दल त्यांना अजिबात संकोच नाही.

"या पेपरवाले," त्यांनी मला ओळखलं. "कंपनीची पँट आनली ना? सगळे तेच करतेत. रेडिमेड घेतेत दिमाखात अन् माझ्याजवळ येऊन रडतेत. आख्ख्या जालन्यात विचारा, माझ्या हातची पँट घडी घाला, एका पायावर दुसरा पाय ठेवा. सुताचा फरक न्हाई निघनार."

हे खरं होतं. कामाची तपासणी ते तशीच करत. पँट झाली की टेबलावर टाकायची, एका पायावर दुसरा पाय ठेवायचा आणि कडेवरून अंगठा फिरवत न्यायचा. दोन्ही कडा एक झाल्या की पँट झाली.

त्यांनी भावाची मापं लेहेंग्यावरूनच घेतली. कंबर, आसन, मांडी, गुडघा, बॉटम. उजव्या पायाचं, मग डाव्या पायाचं. डाव्या मांडीभोवती टेप फिरवताना तिच्याखाली पोलाद लागलं तेव्हा ते थांबले, वर पाहिलं आणि काही न विचारता माप खडूने टेबलावर लिहून घेतलं. भाऊ सबंध वेळ समोरच्या भिंतीकडे पाहत होता. माझीही पँट मी ठेवून आलो. सुटाच्या पँटी खाली लांब आणि न दुमडलेल्या येतात, त्या उंचीप्रमाणे कापून घ्याव्या लागतात.

पुढच्या आठवड्यात भावाची पँट तयार होती. माझ्या पँटीला अजून हात लागला नव्हता. मास्तरांनी ती टेबलावर टाकली, पायावर पाय ठेवला, अंगठा फिरवला. कडा एक होत्या. शिवणीच्या आत जेवढा दाब होता, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, तेवढा त्यांनी दोन्ही पायांना सारखा सोडला होता.

"कंपनीवाले दाब ठेवतच न्हाईत," ते म्हणाले. "निघाला तेवढा काढला. घाला."

पडद्यामागून भाऊ आला तेव्हा मास्तरांचा चेहरा उजळला. पँट गुडघ्यावरून वर गेली होती, कमरेला बसली होती. उजवा पाय सुरेख दिसत होता. डाव्यावर कापड ताणलं होतं, आतली पट्टी वरून दिसत होती, पण तो उभा होता आणि पँटीत होता. मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं.

"बसून पाहा," मी म्हणालो.

ताणलेल्या कापडातून कडी त्याच्या चिमटीत येईना. दोन्ही हातांनी खटपट करून त्याने ती वर सरकवली आणि स्टुलावर बसला. मग टेबलाला धरून उठला. टक झालं नाही. बाहेरून रिक्षा जात होती. त्याला वाटलं असावं, आवाज तिच्यात बुडाला. त्याने पाऊल टाकलं आणि गुडघा मुडपला. तो आडवा पडला तो दुरुस्तीच्या पँटींच्या ढिगावर.

कोणी काही बोलण्याआधी तोच बोलला. "मास्तर, तुमच्या दुकानात पडायला मऊ हाय. आष्टीच्या कार्यालयात फरशी हाय."

मास्तर हसले नाहीत. मी हात दिला, तो उठला आणि माझ्या खांद्याला धरून पडद्याकडे जायला लागला. "लेहेंगाच बरा. दादा, तुझी पँट घे मापाची करून."

"बसा," मास्तर म्हणाले.

"आता काय बसायचं?"

"मी तुमाला उभं धरून माप घेतलं. बसवून घेतलंच न्हाई. उठताना काय होतं ते मला बघायचं हाय. पँट काढा, लेहेंगा घाला, अन् तो वर घेऊन मला ते लोखंड दाखवा."

भाऊ कॅलिपर बाहेरच्या माणसाला दाखवत नाही. घरीसुद्धा तो खोलीत जाऊन काढतो. त्याने एकदा दाराबाहेरच्या गल्लीकडे पाहिलं. मग त्याने मला दुकानाचा पडदा ओढायला सांगितला, स्टुलावर बसला आणि लेहेंगा मांडीपर्यंत वर घेतला.

पुढे जे झालं ते सांगायला सोपं आहे, पण मी पाहिलं ते तेवढंच नव्हतं. मास्तर जमिनीवर बसले. त्यांनी कान भावाच्या गुडघ्याजवळ नेला. "उठा," म्हणाले. भाऊ उठला. टक. "बसा." बसला. "उठा." टक. ते दर वेळी वेगळ्या ठिकाणी पाहत होते. कधी कडीकडे, कधी बुटाच्या टोकाकडे, कधी मांडीच्या पट्ट्याच्या बकलाकडे. मग त्यांनी तर्जनी कडीला लावून धरली आणि पुन्हा उठायला सांगितलं. कडी बोटाला घासून अडकली. बोट जरासं मागे घेतलं. पुन्हा अडकली. आणखी मागे. टक.

त्यांनी बोट तसंच धरून ठेवलं. कडी आणि बोट यांच्यामधली ती फट त्यांनी आम्हाला दाखवली. दाराच्या फटीतून उजेड येतो तेवढी ती होती.

"एवढंच मागून राह्यली ही," ते हळू आवाजात म्हणाले. इतका वेळ त्यांचा आवाज कधी खाली आला नव्हता.

मी आणि भाऊ, दोघेही त्या फटीकडे पाहत राहिलो. आयुष्यभराचं चालणं तेवढ्या जागेतून होत आलं होतं. बाहेर गल्लीत हमाल कोणाला तरी बाजूला सरकायला ओरडत होते.

"जागा करतो मी," मास्तर म्हणाले. "पन बसताना कडी वर कशी घ्यान? चारचौघात गुडघा चिवडत बसनार का?"

भावाने लेहेंगा खाली केला होता. तो विचार करत म्हणाला, "आबा दोरी बांधून देत होते."

आबा म्हणजे आमचे वडील. राजूरच्या बाजूला आमच्या घरची मेंढरं होती आणि भाऊ लहानपणी कॅलिपर घालून त्यांच्यामागे माळावर जायचा. दर वेळी खाली वाकायला नको म्हणून आबांनी लोकरीची बारीक दोरी वळून कडीला बांधली होती. तिचं दुसरं टोक भावाच्या करगोट्याला असायचं. दोरी ओढली की कडी वर, सोडली की खाली. शाळेत जायला लागल्यावर पोरं ती दोरी मागून ओढायची, म्हणून त्याने ती काढून टाकली. हे मी विसरलो होतो. तो विसरला नव्हता.

मास्तर उठून उभे राहिले. "खिशात काढू तिला. डाव्या खिशाच्या तळाला काज करतो, दोरी आतून वर येईन. खिशात हात घालायचा, ओढायची, बसायचं. कोन म्हनन काय करून राह्यला? सुटातले सगळेच खिशात हात घालून उभे राहतेत."

भाऊ पहिल्यांदा नीट हसला.

अडचण कापडाची होती. डाव्या पायाला बाहेरच्या शिवणीत कमरेखालपासून बुटापर्यंत पट्टी घालायला हवी होती आणि ती त्याच कापडाची हवी होती. भावाच्या पँटीचे खालचे तुकडे पहिल्या वेळीच कापले गेले होते आणि चिंध्यांबरोबर गोधडीवाल्या बाई ते घेऊन गेल्या होत्या. मास्तरांनी खुंटीवरच्या माझ्या पँटीकडे पाहिलं.

"बॉटमला हाय तेवढं घेतो," ते म्हणाले. "पन पुरन असं न्हाई. दुमडायला जे ठेवतो आपन तेही घ्यावं लागन. तुमची जरा आखूड व्हईन. मोजे दिसतीन."

"दिसू द्या."

"पेपरात छापून येईन," भाऊ म्हणाला.

त्यानंतर सुटीच्या दिवशी मी दोनदा दुकानात जाऊन बसलो. काम नव्हतं, बघायला गेलो. मास्तरांनी डावा पाय पूर्ण उसवला होता. टेबलावर त्याचे दोन भाग नकाशासारखे पसरले होते आणि त्यांच्यावर खडूच्या खुणा होत्या. इथे कडी, इथे बकल, इथे घोट्याजवळचा स्क्रू. माझ्या पँटीचे तुकडे आडवे लावले असते तर काम लवकर झालं असतं, पण मग रंग वेगळा दिसला असता. उजेड कापडावर उभ्या धाग्याने वेगळा पडतो आणि आडव्याने वेगळा, हे त्यांनी मला दिव्याखाली धरून दाखवलं. म्हणून त्यांनी प्रत्येक तुकड्याचा उभा धागा उभाच ठेवून छोटे छोटे तुकडे एकाखाली एक जोडले. प्रत्येक जोडावर ओलं फडकं ठेवून इस्त्री दाबली. वाफ निघून गेली की ते नखाने जोड शोधून पाहत. शेवटी शेवटी त्यांनाच तो सापडेना. मला तर आधीपासूनच दिसत नव्हता.

गुडघ्याच्या आतल्या बाजूला त्यांनी गुळगुळीत अस्तर हाताने शिवलं, कडी घसरावी म्हणून. इस्त्रीची क्रीज त्यांनी मधोमध पाडली नाही. कॅलिपरमध्ये भावाचं पाऊल किंचित बाहेर वळतं, तेवढी क्रीज त्यांनी आत घेतली. टेबलावर ती तिरपी दिसत होती. डावा पाय उजव्यापेक्षा रुंद होता आणि पायावर पाय ठेवला तर कडा कुठेच जुळत नव्हत्या.

मास्तरांनी अंगठा फिरवायला हात पुढे नेला, तो मागे घेतला आणि पँट खुंटीला उलटी टांगली, भिंतीकडे तोंड करून.

"कामून उलटी?" मी विचारलं.

"कोनी पाहिली तं म्हनन मास्तरचा हात गेला."

शेवटची फिटिंग गल्लीतच झाली. भावाने पँट घातली, दोरी खिशात घेतली, स्टुलावर बसला, उठला. टक. तो दाराबाहेर पडला आणि धान्याच्या दुकानापर्यंत चालत गेला. मास्तर त्याच्यामागे कंबरेत वाकून, डोळे त्याच्या डाव्या पायावर लावून चालले. मागून रिक्षावाल्याने हॉर्न दिला.

"मास्तर, काही हरपलं का?"

"क्रीज पाहून राह्यलो, बाबा! जाय तिकून."

मीही पाहत होतो. टेबलावर तिरपी असलेली रेघ त्याच्या अंगावर सरळ झाली होती. दोन पाय दोन मापांचे होते आणि दोन्ही सारखे दिसत होते. पायाची फेक तीच होती, डावा पाय बाहेरून अर्धवर्तुळ घेऊन पुढे यायचा तसाच येत होता, पण कापड त्याच्याबरोबर जात होतं, त्याला धरत नव्हतं. धान्याच्या दुकानापाशी भाऊ वळला, खिशात हात घातला आणि एका पोत्यावर बसला. इतक्या सहज, की दुकानदाराने त्याला गिऱ्हाईक समजून काय हवंय म्हणून विचारलं.

लग्न आष्टीला होतं. मास्तरांना पत्रिका भावाने स्वतः नेऊन दिली होती आणि ते आले होते. दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले होते, खुर्ची थोडी वाकडी करून.

मी वधूच्या खोलीच्या दाराशी उभा होतो. ठरल्याप्रमाणे, लागलोच तर. आतेबहिणी येता-जाता माझ्या पायांकडे पाहत होत्या. एकीने विचारलंच, "दादा, वैनीनं पँट धुऊन आटवली का काय?" दुसरी म्हणाली, "पेपरात पगार कमी झाला असन." त्यांच्यात बराच वेळ तो विषय पुरला.

खोलीत भाची शालू नेसून, मुंडावळ्या बांधून बसली होती. समोर, दाराला लागून, खुर्चीवर भाऊ. बाहेर नवरदेवाचा बँड कार्यालयाच्या दारातच अडून वाजवत होता. ढोल, ट्रम्पेट, त्यावर कोणाचे तरी फटाके. माइकवरून गुरुजींनी पुकारलं. ते ऐकू आलं नाही, पण बायका उठल्या त्यावरून कळलं.

भाऊ खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठला. उभा राहिला. आणि तसाच राहिला.

मला कळलं. बँडमुळे त्याला टक ऐकू आलं नव्हतं. दुकानात, गल्लीत, घरी दर वेळी आवाज आला होता. इथे दोरी खिशात सैल होती, पण कडी पुरती बसली की मध्येच थांबली, हे सैल दोरी सांगू शकत नव्हती. पडद्यापलीकडे सगळा मांडव दाराकडे तोंड करून बसला होता. भावाचा उजवा हात दाराच्या चौकटीवर होता आणि बोटं पांढरी झाली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ स्पष्ट होता. मी एक पाऊल पुढे टाकलं.

माझ्याआधी भाची वाकली. शालू, हार, मुंडावळ्या, सगळं सावरत ती खाली गेली.

"अगं, आत्ता कामून पाया पडती?" मागून आमच्या एक मावशी ओरडल्या. "मुहूर्त चालला! नंतर पड!"

भाचीने ऐकलं नाही. तिचा मेंदीचा तळहात मामाच्या डाव्या गुडघ्यावर निळ्या कापडावरून क्षणभर टेकला. बोटं बाहेरच्या बाजूला सरकली. मास्तरांनी ठेवलेल्या जागेत ती कडी चाचपली. मग ती सरळ झाली आणि त्याच्या कानाजवळ काहीतरी बोलली. बँडच्या आवाजात मला शब्द ऐकू आले नाहीत. ओठांवरून कळले.

भावाने चौकट सोडली.

ते दोघे लाल मॅटवरून निघाले. तिचा हात त्याच्या हातात होता. जड शालूमुळे ती प्रत्येक पावलाला थोडी डुलत होती आणि तोही डुलत होता, आणि दोघांचं डुलणं एका वेळी होत होतं. शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत ती याच चालीने त्याच्याबरोबर चालत गेली होती. डेस्कवर येण्याआधी मी बातम्यांसाठी बऱ्याच मिरवणुका पाहिल्या आहेत. त्यांच्यात माणसं कशी चालतात हे मला ठाऊक आहे. हे त्यांतलं नव्हतं.

लोक नवरीकडे पाहत होते. एकटे मास्तर मान लांब करून, खुर्चीवरून अर्धे उठून तिच्या शेजारच्या डाव्या पायाकडे पाहत होते. मागच्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, "ओ बाबा, खाली बसा की, पोरगी दिसंना." ते बसले नाहीत. स्टेजच्या पायऱ्यांवर भावाने कठड्याला धरून डावा पाय बाहेरून वर फेकला तेव्हा मास्तरांचा हात हवेत त्याच्याबरोबर वर गेला.

मंगलाष्टकं त्या दिवशी लांबली. दोन्हीकडच्या आत्यांना स्वतः रचलेली म्हणायची होती. भाऊ तिच्या पाठीमागे उभा राहिला. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, हार झाले. मग त्याने डावा हात खिशात घातला आणि सोफ्यावर बसला. स्टेजवर खिशात हात घालून उभे असलेले आणखी बरेच जण होते.

जेवणाच्या पंगतीत मास्तर आमच्यासमोर बसले. त्यांचा आवाज परत आला होता.

"आसनाला अजून जरा सोडायला पायजे होतं. पायऱ्या चढताना मला दिसलं. पुढच्या येळेला करू."

"पुढची भाची सातवीत हाय, मास्तर," भाऊ म्हणाला. "दम धरा. जिलबी घ्या."

"तवर मी राहतो का न्हाई कोनाला माहीत. पँट घेऊन या सोमवारी."

तो घेऊन गेला. आता तो गोदामात लेहेंग्यावर जातो आणि लग्नकार्याला पँटीवर. लग्नाचा अल्बम आला तेव्हा बहिणीने फोन करून विचारलं की प्रत्येक फोटोत मोठ्या मामाच्या पायाचे मोजे कामून दिसून राह्यले. म्हणून मीही माझी पँट मास्तरांकडे नेली आणि थोडी लांब करता येईल का ते विचारलं. त्यांनी बॉटम उलटून पाहिलं, दिव्याखाली धरलं आणि परत दिलं.

"खाली काहीच न्हाई उरलं, पेपरवाले," ते म्हणाले. "सगळं तुमच्या भावाच्या पायात गेलं."